तीनदा ओरडलेला अँटिव्हायरस: एका घरगुती संगणकाचं प्रकरण

नोव्हेंबर २०२२. तुळशीची लग्नं उरकली होती आणि मामीच्या धंद्याचे दिवस सुरू झाले होते. मामी कऱ्हाडला घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, उत्तरकार्याची कार्डं, वर्षातून एकदा एका दिवाळी अंकाची जुळणी. हॉलच्या कोपऱ्यात एकच संगणक. सकाळी तो मामीचा, दुपारी मामाच्या सोसायटीच्या हिशेबाचा आणि रात्री मामेभावाचा.

गुरुवारी सकाळी सव्वासातला तिचा फोन आला.

"अरे, सगळ्या पत्रिकांची नावं बदललीत. उघडतच नाहीत. चित्रंसुद्धा जाऊन नुसते पांढरे कागद दिसतायत."

मी पुण्यात एका ऑफिसात संगणकांची देखभाल करतो, त्यामुळे नातेवाइकांचे असे फोन मला नवे नाहीत. बहुतेक वेळा प्रिंटर असतो. पण मामीने पाठवलेला फोटो बघितला आणि चहा तसाच ठेवला. 'पत्रिका_अंतिम_२.सीडीआर' या नावाच्या पुढे चार अक्षरांचं एक अगम्य शेपूट लागलं होतं. शेजारच्या प्रत्येक फाइलला तेच शेपूट. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक नवीन टेक्स्ट फाइल.

"मामी, आधी मागची इंटरनेटची वायर काढ. वाय-फायचा राऊटरही बंद कर. आणि संगणकाला मागे काय काय लावलंय?"

"ती बाहेरची हार्डडिस्क आहे ना, तूच दिवाळीत आणून दिलेली."

"ती पण काढ."

"काढते. पण तिच्यावरचंही तसंच झालंय रे."

इथे माझी मान खाली गेली. डिस्क देताना मी "यावर सगळ्याची कॉपी ठेवत जा" एवढंच सांगितलं होतं. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवायची, हे वाक्य सांगायचं राहून गेलं. मामीने सांगितलेलं तंतोतंत केलं. डिस्क लावली ती लावलीच. संगणकाला जे दिसतं ते सगळं त्यात शिरलेल्या प्रोग्रॅमलाही दिसतं, त्यामुळे मूळ फाइल आणि तिची नक्कल एकाच रात्रीत गेली.

"ड्रॉवरमध्ये एक पेनड्राइव्ह आहे. तो लावून बघू का, त्यातलं उघडतंय का?"

मी इतक्या मोठ्याने "नको" म्हणालो की घरातले सगळे बघायला लागले. पुढे जे काही बचावलं त्यातला मोठा वाटा त्या पेनड्राइव्हचा आहे. मामीला संगणकाचं मुख्य बटणच बंद करायला सांगितलं आणि स्वारगेट गाठलं.

दोन घरफोड्या

रीडमीमधला मजकूर एसटीत बसून फोटोवरूनच वाचला. तुमचे फोटो, कागदपत्रं, डेटाबेस सगळं कुलूपबंद झालंय; किल्ली ९८० डॉलरला; ७२ तासांत संपर्क केलात तर निम्म्या किमतीत, म्हणजे ४९० डॉलरला. विश्वास बसावा म्हणून एक फाइल फुकट उघडून देऊ. तेव्हाच्या भावाने पूर्ण रक्कम साधारण ₹८०,०००, सवलतीत ₹४०,०००. दुकानदाराची भाषा. सेलमध्ये सुद्धा एवढं सरळ सांगत नाहीत.

हे आकडे आणि ते चार अक्षरी शेपूट बघून कूळ ओळखता आलं. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाने ओळखलं जाणारं खंडणीखोर सॉफ्टवेअर. मे २०१७ मधल्या वॉनाक्रायचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, कारण त्याने ब्रिटनमधल्या कितीतरी इस्पितळांचं कामकाज विस्कळीत केलं. वॉनाक्राय विंडोजच्या एका भगदाडातून आपणहून एका संगणकातून दुसऱ्यात जायचं. त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी अपडेट घेतलं ते वाचले. स्टॉपचं तसं नाही. त्याला भिंत फोडता येत नाही, कुणीतरी आतून कडी काढावी लागते. म्हणून मोठ्या कंपन्यांकडे ते फारसं जात नाही. विद्यार्थी, घरगुती संगणक, छोटे स्टुडिओ, फुकटात महागडं सॉफ्टवेअर शोधणारे, हे त्याचं गिऱ्हाईक. बातमी होत नाही आणि तक्रारही क्वचितच होते.

तेव्हा कऱ्हाडला पोचण्याआधीच प्रश्न ठरला होता: कडी कुणी काढली?

नोंदवहीतली सोळा मिनिटं

तो संगणक मी सुरू केला नाही. हे कूळ विंडोजच्या वेळापत्रकात स्वतःची नोंद करून ठेवतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा जागं होतं. नवीन फाइल दिसली की तिलाही कुलूप. म्हणून हार्डडिस्क खोलून काढली, माझ्या लिनक्सच्या, म्हणजे विंडोज नसलेल्या, लॅपटॉपला लावली आणि फक्त वाचण्यापुरती उघडली.

विंडोजचं फोल्डर या प्रोग्रॅमने सोडून दिलेलं असतं, कारण खंडणीची चिठ्ठी वाचायला संगणक सुरू तर व्हायला हवा. त्या कृपेमुळे विंडोज डिफेंडरची नोंदवही शाबूत होती. डिफेंडर म्हणजे विंडोजबरोबर फुकट येणारा अँटिव्हायरस. तो प्रत्येक हालचालीला एक क्रमांक देऊन लिहून ठेवतो. १११६ म्हणजे धोका सापडला, १११७ म्हणजे त्यावर कारवाई केली, ५००१ म्हणजे प्रत्यक्ष वेळेतलं संरक्षण बंद झालं.

बुधवारी रात्री ९ वाजून ४२ मिनिटांनी १११६. जागा: डाउनलोड्स. लगेच १११७, फाइल अडकवून ठेवली. ९:४५ ला पुन्हा तीच जोडी. ९:५१ ला तिसऱ्यांदा. आणि ९:५३ ला ५००१.

पहिल्या फोल्डरमधली रीडमी ९:५८ ची होती.

सोळा मिनिटं. त्यातली पहिली अकरा अँटिव्हायरस आपलं काम चोख करत होता. "अँटिव्हायरस काही उपयोगाचा नाही, आपण पुण्याचं क्विक हील घेऊन टाकू," असं मामा मी आल्यापासून म्हणत होता. मी त्याला त्या नोंदी दाखवल्या. रखवालदार तीनदा ओरडला होता. चौथ्यांदा ओरडायच्या आत त्याला घरी पाठवलं गेलं. दुसरा कुठलाही रखवालदार ठेवला असता तरी त्याची गत तीच.

मामेभाऊ दारात उभा होता. त्याला विचारावं लागलं नाही.

"दादा, मीच बंद केला. त्या फाइलबरोबर सूचना होत्या. अँटिव्हायरस क्रॅकला चुकून व्हायरस समजतो, म्हणून आधी तो बंद करा, असं लिहिलेलं."

त्याला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण गोष्ट मामीपासून सुरू होत होती. एका गिऱ्हाइकाने गेल्या वर्षीची पत्रिका पेनड्राइव्हवर आणून दिली, "हीच ठेवा, नावं बदला." ती नवीन कोरलड्रॉत, म्हणजे पत्रिका जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, केलेली. मामीकडचं कोरल जुनं, आणि तेही कुणीतरी बरंच आधी टाकून दिलेलं बिनपरवान्याचं. नवीन आवृत्तीतली फाइल जुनीत उघडत नाही. मामी पोराला म्हणाली, "नवीन व्हर्जन टाकून दे की." पोराने शोधलं. ज्याने ती मूळ पत्रिका केली त्याला "जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा" असं म्हटलं असतं तर एका फोनवर काम झालं असतं. पण डीटीपीवाले एकमेकांना फोन करत नाहीत, गिऱ्हाईक पळवतील म्हणून.

त्या सूचनेत अर्धं सत्य असतं आणि म्हणूनच ती चालते. क्रॅक म्हणजे मूळ प्रोग्रॅमचं कुलूप तोडणारं साधन. त्यात व्हायरस नसला तरी अँटिव्हायरस त्यावर हरकत घेतो. हे ज्याला एकदा अनुभवाने कळलं त्याला पुढच्या प्रत्येक इशाऱ्याची सवय होते. भावाने याआधी दोन गेम असेच टाकले होते आणि काही झालं नव्हतं. फाइल झिपमध्ये, म्हणजे दाबून बांधलेल्या गाठोड्यात, होती आणि झिपला १२३४ असा पासवर्ड होता, शेजारीच लिहून दिलेला. कुलूप लावून किल्ली दारावरच टांगायची, याला घरात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. तो पासवर्ड आपल्यासाठी नसतोच. उतरवून घेताना ब्राउझरला आणि अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये, यासाठी तो असतो.

आणखी एक समजूत त्या रात्री मोडली. आपल्याकडे घराघरांत असं सांगितलं जातं की महत्त्वाचं सगळं डी ड्राइव्हला ठेवा, सी फॉर्मॅट झाला तरी डी सुरक्षित. फॉर्मॅटच्या काळात ते खरं होतं. पण सी, डी, ई हे एकाच डिस्कवर आखलेले पट्टे आहेत, आणि मामीच्या अकरा वर्षांच्या पत्रिका डीमध्येच होत्या.

किल्लीचं काय

पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच: पैसे न भरता उघडेल का?

नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. तिथे कुलूपबंद फाइल आणि चिठ्ठी दिली की कूळ ओळखून, किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. स्टॉपसाठी एमसिसॉफ्ट या कंपनीचं साधन ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं आणि जुन्या १४८ प्रकारांच्या फायली त्याने सोडवता येतात. त्यानंतरच्या प्रकारांत चोरांनी कुलूप बदललं.

नव्या प्रकारांत सगळं एका गोष्टीवर ठरतं. प्रोग्रॅम सुरू होताच आपल्या मालकाच्या सर्व्हरला हाक मारतो. उत्तर आलं तर त्या संगणकासाठी खास वेगळी किल्ली मिळते. उत्तर आलं नाही तर तो पोटात घेऊन आलेली ठरावीक किल्ली वापरतो, जी त्या प्रकाराच्या अशा सगळ्या बळींना सारखीच असते. कुणी एकाने पैसे भरून ती मिळवली आणि संशोधकांना दिली की बाकीचेही सुटतात. चिठ्ठीतल्या ओळख क्रमांकाच्या शेवटी 'टी१' असेल तर ही दुसरी, सुटू शकणारी जात.

मामीच्या क्रमांकाच्या शेवटी ते नव्हतं. मामाने त्याच दिवाळीत नवीन फायबर इंटरनेट घेतलं होतं आणि ते त्या रात्री उत्तम चालत होतं.

पैसे भरायचे नाहीत, हे मामीने माझ्याआधी ठरवलं. "चाळीस हजार मला वर्षभराच्या पत्रिकांतून सुटत नाहीत, आणि तो परत देईलच कशावरून?" मला वेगळं काही सांगायचं नव्हतं.

जे हाती लागलं

हा भाग मला सविस्तर सांगायचाय, कारण अशा वेळी लोक घाईने फॉर्मॅट मारतात आणि वाचवण्यासारखंही घालवतात.

स्टॉप घाईत असतं. हजारो फायली पुऱ्या कुलूपबंद करायला वेळ लागतो, म्हणून ते प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच बिघडवतं. वर्डची छोटी फाइल त्यात अख्खी जाते. मोठ्या फाइलचं फक्त तोंड जातं.

मामाच्या साठीच्या कार्यक्रमाचे फोटो छायाचित्रकाराने दोन जीबीच्या एका झिपमध्ये दिलेले होते. झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते. शेपूट काढून नाव पूर्ववत केलं, सेव्हन-झिप या प्रोग्रॅममध्ये उघडलं, तर पहिला फोटो खराब आणि बाकीचे सगळे जसेच्या तसे. मामा इतका वेळ गप्प होता, तो खुर्ची ओढून शेजारी बसला.

मग आजीच्या ओव्या. आजी जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मामीने कधीतरी मोबाइलवर घेऊन एमपी३ करून ठेवल्या होत्या. एमपी३ हा छोट्या छोट्या सुट्या तुकड्यांचा बनलेला असतो, प्लेअरला बिघडलेले तुकडे ओलांडून पुढचा चांगला तुकडा धरता येतो. १२८ केबीपीएस दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १६ हजार बाइट लागतात, म्हणजे १५० केबी हे जेमतेम साडेनऊ सेकंद. नाव बदललं, लावलं. थोडी शांतता, एक खरखर, आणि मग मध्येच शब्दाच्या अर्ध्यातून आजीचा आवाज. प्रत्येक फाइलमधली पहिली साडेनऊ सेकंदं नाहीत. बाकी आहे.

पत्रिकांची कथा वेगळी. मूळ फायली बऱ्याचशा गेल्या, पण छापखान्याला पाठवलेल्या पीडीएफ जीमेलच्या 'सेंट'मध्ये पडून होत्या, आणि प्रूफ म्हणून गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या त्यांच्या फोनमध्ये. दोन दिवस मामी फोनच करत होती: "तुमच्या पोरीची पत्रिका आहे का अजून मोबाइलात?" ड्रॉवरमधल्या पेनड्राइव्हवर गणपतीच्या आधीपर्यंतचं सगळं निघालं. विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या प्रती मात्र या प्रोग्रॅमने येताच पुसलेल्या होत्या.

दुसरी चोरी

हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. स्टॉपबरोबर अनेकदा एक माहिती चोरणारा प्रोग्रॅमही येतो. खंडणीच्या गोंधळात तो ब्राउझरमध्ये जपून ठेवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन उचलून निघून जातो. मी गुरुवारीच सगळ्यांना फोनवरून पासवर्ड बदलायला लावले: आधी जीमेल, मग बँक, मग बाकीचं. भावाने इन्स्टाग्रामचा राहू दिला. शनिवारी त्याच्या खात्यावरून त्याच्या मित्रांना पैसे दुप्पट करून देणारी योजना जायला लागली. पासवर्ड बदलतानाच 'सगळ्या उपकरणांवरून लॉग आउट' हे बटण दाबावं लागतं, नाहीतर चोराकडचं चालू लॉगिन चालूच राहतं. बँकेत काही गेलं नाही, कारण व्यवहाराचा ओटीपी फोनवर होता आणि मामा ओटीपी स्वतःच्या बायकोलाही सांगत नाही.

तक्रार करायची म्हटल्यावर मामा कचरला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत माहीत असून वापरणं हा गुन्हा आहे, आणि मामीचा तर धंदा. तरी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. बँकेतून पैसे गेले असते तर आधी १९३० हा नंबर लावला असता.

संगणकावरच्या होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये या प्रोग्रॅमने सुरक्षा कंपन्यांच्या आणि मदत मिळण्यासारख्या संकेतस्थळांची लांब यादी घातली होती, म्हणजे ती उघडूच नयेत. मामीने त्या सकाळी दोन ठिकाणी प्रयत्न केला होता. "नेट गंडलंय" असं वाटून तिने मला फोन केला. एका अर्थी तेच बरं झालं.

नवी मांडणी

हार्डडिस्कच्या जागी नवीन एसएसडी ही वेगवान डिस्क, त्यावर कोरं विंडोज. एक प्रशासक खातं, ज्याचा पासवर्ड मामाच्या डायरीत. मामी आणि भाऊ दोघांना साधी खाती. काहीही नवीन टाकायचं तर मामाला उठवावं लागतं, आणि रात्री दहाला मामाला उठवायची घरात कुणाची छाती नाही. हे मी केलेल्या सगळ्या उपायांत सर्वांत परिणामकारक निघालं.

फाइलच्या नावाचं शेवटचं शेपूट विंडोज मुळात लपवून ठेवतं, ते दिसेल असं केलं. 'पत्रिका.पीडीएफ.ईएक्सई' आली तर मामीला दिसायला हवी. डिफेंडरमध्ये ठरावीक फोल्डरना हात लावू न देणारी सोय आहे, २०१७ पासूनची, पण मुळात बंद असते. ती चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी मामीचा फोन: "माझीच फाइल मला सेव्ह करता येत नाही." प्रत्येक विश्वासू प्रोग्रॅमला एकदा परवानगी द्यावी लागते, हे तिला समजावताना माझा संयम आणि तिचा, दोन्ही संपले.

सॉफ्टवेअरवर घरात भांडण झालं. मी इंकस्केप सुचवलं, फुकट आणि कायदेशीर. मामीने महिनाभर वापरलं आणि शिव्या दिल्या, कारण छापखाना कोरलचीच फाइल मागायचा. शेवटी छापखान्याच्या मालकालाच विचारलं. "अक्षरं कर्व्ह करून पीडीएफ पाठवा वहिनी, मला काय!" म्हणाला. कर्व्ह म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकायचे. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

बॅकअपला आता दोन डिस्का आहेत. शनिवारी दुपारी एक लावायची, कॉपी करायची, काढायची. पुढच्या शनिवारी दुसरी. एक कपाटात, दुसरी माझ्या आईकडे, दोन गल्ल्या सोडून. गुगल ड्राइव्हही आहे, पण त्यावर एकट्यावर विसंबलेलो नाही. संगणकावर बिघडलेली फाइल तिथेही बिघडूनच चढते. जुनी प्रत ३० दिवसांच्या आत मागे जाऊन काढावी लागते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा ते यंत्र बदलावं लागलं. ती एसएसडी तेवढी नव्यात गेली.

जुनी हार्डडिस्क मी पुसली नाही. अशा टोळ्या कधी पकडल्या जातात, कधी आपणच किल्ल्या टाकून देतात. तसं झालं तर कुलूपबंद फायली हाताशी असाव्या लागतात. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याखालच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय. पिशवीवर मामीने लाल स्केचपेनने, पत्रिकेवर लिहिते तशा वळणदार अक्षरांत लिहिलंय: 'पत्रिका २०११ ते २०२२. कुणीही लावू नये.'